लाउदेलीनोची अर्धी गोष्ट

सांता एफिजेनियाच्या फझेंदावर, म्हणजे गुरांच्या मळ्यावर, गुरं किती आहेत, हे मालकालाही धड ठाऊक नाही. पण लाउदेलीनोने ठिपकी मारल्याची गोष्ट वर्षातून किती वेळा होते, हे स्वयंपाकीण जेनाइदाबाईला बरोबर ठाऊक असतं. नवा पाहुणा आला की एकदा, जुना पाहुणा आला की दोनदा, आणि कोणीच आलं नाही तर गोष्ट गंजू नये म्हणून आणखी एकदा.

ठिपकी म्हणजे जग्वार. ब्राझीलमधल्या पांतानालच्या दलदलीत घोड्यावर बसलेला माणूस तिचं खरं नाव घेत नाही, घोड्याला कळतं म्हणतात. लाउदेलीनो जमिनीवर उभा असतानाही घेत नाही. घोड्याचे कान लांब असतात, कुठूनही ऐकतो, असं त्याचं म्हणणं.

लाउदेलीनोचं वय बहात्तर. तो एकोणसत्तर सांगतो, कारण सत्तरी उलटलेल्या गड्याला मालक घोड्यावरून उतरवतो अशी त्याची समजूत आहे. गेली तीन वर्षं तो एकोणसत्तरच आहे. पाय घोड्याच्या पोटाच्या मापाने वाकलेले, अंगावर मांस म्हणावं असं काही नाही. मिशी मात्र तरणीताठी, कारण तिला रोज सकाळी कॉफीचा गाळ लागतो. हे कोणालाच माहीत नाही असं तो समजतो, आणि त्याचं मन राखायला सगळे तसं दाखवतात.

तरुणपणी तो मुकादमांसाठी ठिपक्या मारायचा. वासरं गायब व्हायला लागली की लाउदेलीनोला बोलावणं यायचं. पुढे शिकारीवर बंदी आली, पण कोरुंबा शहराहून आमच्याकडे पोचायला तिला वीस वर्षं लागली. रस्तेच तसे आहेत. ती एकदाची पोचल्यावर लाउदेलीनो मुकाट्याने गुरांमागे लागला. मग शहरातून डॉक्टर लोक येऊ लागले. कोणाला ठिपकीच्या गळ्यात पट्टा घालायचा होता, कोणाला रक्त काढायचं होतं, आणि सगळ्यांनाच ती शोधून देणारा माणूस हवा होता. पूर्वी जो तिला मारायला घेऊन जायचा, तोच आता वाचवायला घेऊन जाऊ लागला. लाउदेलीनोच्या मते कामात फारसा फरक पडला नाही. पहाटे उठावं लागतं, ते लागतंच.

त्याचं हत्यार म्हणजे एक भोपळा. वाळवलेला, पोकळ, एका तोंडावर कातडं ताणलेलं, आणि कातड्याच्या मधून मेण लावलेली घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी आत सोडलेली. ओल्या बोटांनी दोरी ओढली की आतून नराची घरघर निघते. एकदा भर दुपारी त्याने गंमत म्हणून वाजवला, तर तेव्हाचा मुकादम वाल्दोमिरो घोड्यासकट तळ्यात गेला. तेव्हापासून घराच्या अर्ध्या कोसात भोपळा वाजवायला मनाई आहे.

आता गोष्ट. पन्नास वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, पाणी ओसरलेलं. लाउदेलीनो झाडीत दडून बसला आणि त्याने भोपळा ओढला. लांबून मादीने उत्तर दिलं. पुन्हा ओढला, पुन्हा उत्तर. "आणि मग आली," असं म्हणून लाउदेलीनो इथे मिशीवरून बोट फिरवतो. "आली ती लाडात. शेपूट वर, जमिनीवर लोळतेय, माझ्याकडे बघून घुमतेय. पुरती माजावर आलेली. नवरी निघावी तशी निघाली होती. दहा पावलांवर आली, आणि मी बंदूक उचलली." मग तो तोंडाने बार काढतो, तेरेरे या गार काढ्याचा घोट घेतो, आणि गोष्ट संपते.

जेनाइदाबाईने एकदा विचारलं होतं, "मग पुढे?"

"पुढे काय? मेली."

"मेल्यावर?"

"मेल्यावर काय होतं, बाई? कातडं गेलं, खोगीर आलं."

तिने पुन्हा विचारलं नाही. पण तिच्या एक लक्षात आलं होतं. बार होईपर्यंत गोष्ट रमतगमत चालते, आणि बार झाला की पळ काढते.

यंदाच्या ऑगस्टात डॉक्टर मारिस्तेला आली. जनावरांची डॉक्टर, त्यातही ठिपक्यांच्या विणीची. पहिल्याच दिवशी गडी तेरेरेला बसले होते. गाईच्या शिंगात कडसर पाला भरायचा, वर गार पाणी ओतायचं आणि एकामागून एक सगळ्यांनी ते नळीने ओढायचं. डॉक्टरच्या हाती शिंग आलं, तिने घोट ओढला आणि शिंग परत देताना गोड हसून "आभारी आहे" म्हणाली. त्यानंतर तीन दिवस तिला कोणी शिंग दिलं नाही. चौथ्या दिवशी तिने बिचारीने विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"तुम्हीच तर नको म्हणालात," लाउदेलीनो गंभीरपणे म्हणाला. "इथे आभार मानले की माणूस उठला असं धरतात. अजून हवं असेल तर आभार मानायचे नाहीत. गप्प बसायचं."

"मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत, काका?"

"तुम्ही आभार मानले होते. म्हटलं, बाईला नको असेल."

डॉक्टरचं काम असं होतं. दक्षिणेला, सीमेजवळच्या एका जंगलात दोनच नर उरले होते, मादी एकही नाही. दोघं रात्रंदिवस ओरडत फिरायचे आणि ऐकायला कोणी नव्हतं.

"दोन नर आणि मादी नाही," गुराखी निवाल्दो म्हणाला. "म्हणजे आपली गड्यांची खोली."

"त्यांना निदान ओरडायला लाज वाटत नाही," जेनाइदाबाई आतून म्हणाली.

आमच्याकडे ठिपक्या बऱ्या आहेत. इथली एक तरणी मादी पकडून तिकडे सोडायची, म्हणजे ते जंगल पुन्हा नांदतं होईल, असा बेत होता. डॉक्टरने सगळं समजावून सांगितलं. मादी शंभर दिवस पोटात वागवते. एका वेळी दोनच पिल्लं, फार तर तीन. दोन वर्षं ती आईला सोडत नाहीत, आणि तोवर आई पुन्हा माजावर येत नाही. म्हणजे जन्मभरात चार-पाच वेतं, आणि त्यातली निम्मी पिल्लं वाढत नाहीत. परका नर भेटला तर दुसऱ्याची पिल्लं मारून टाकतो, म्हणजे मग मादी त्याच्यासाठी मोकळी होते.

"म्हणून एक मादी गेली की एक जनावर जात नाही," डॉक्टर म्हणाली. "मागचं सगळं घर जातं."

लाउदेलीनो मांडीवरचा मांसभात चिवडत बसला. त्याने बोलणं वाढवलं नाही, हे जेनाइदाबाईने पाहिलं. पण ताटात उरलेला भात पाहून तिला वाटलं, मीठ कमी पडलं असेल.

मादी ठरली ती मोडशेपटी. शेपटीचं टोक लहानपणी कुठेतरी मोडलेलं, म्हणून हे नाव. चार दिवस ती नदीच्या अल्याड एका मोठ्या नराबरोबर उघड्यावर फिरत होती. नर या वर्षीच आलेला, आमच्या ओळखीतला नव्हता, म्हणून त्याला सगळे परक्या म्हणायचे. मोडशेपटी त्याच्यापुढे लोळायची, पुढे पळायची, थांबून मागे बघायची. निवाल्दो रोज येऊन तपशिलाने वर्णन करायचा आणि जेनाइदाबाई त्याला रोज तपशिलासकट हाकलायची.

"पिल्लं असलेली मादी नको," डॉक्टर म्हणाली. "कागदावर तसं लिहून द्यावं लागतं. काका, तुमचा शब्द काय?"

"माजावर आहे," लाउदेलीनो म्हणाला. "चार दिवस नराला सोडत नाही. माजावर आहे म्हणजे पिल्लं नाहीत. भोपळा ओढला की येईल चालत."

डॉक्टरच्या पुस्तकातही तेच होतं. तिने कागदावर लिहिलं. फासे आणले होतेच. उद्या चार वाजता ते लावायचे, परवा उजाडता भोपळा वाजवायचा असं ठरलं.

फक्त जेनाइदाबाई कढईतला कसावाचा कंद परतता परतता म्हणाली, "नराबरोबर हसते खेळते, म्हणजे तिला तो हवाच आहे, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो बाई, हे जनावरांचं आहे," लाउदेलीनो म्हणाला. "यात तुम्हाला काय कळणार?"

"मला काय कळणार," ती म्हणाली आणि कढईकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाउदेलीनो एकटाच होडी घेऊन फाशांची जागा बघायला गेला. परक्या अल्याड सावलीत पोट पसरून झोपला होता. मोडशेपटी त्याच्या जवळून हळूच उठली, पाण्यात उतरली आणि पोहत पल्याड निघाली. होडी वेतात होती, तिला दिसली नाही. पल्याड काठावर चढून तिने अंग झाडलं, मागे झोपलेल्या नराकडे एकदा पाहिलं आणि ताडाच्या गच्च झाडीत शिरली. लाउदेलीनो वल्हं न हलवता बसून राहिला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, अंग ताणून उभी राहिली, आणि तिचं पोट त्याच्या समोर आलं. अंगावरचं पाणी केव्हाच वाळलं होतं. स्तनांभोवतीचे केस मात्र गोल गोल ओले होते, चोखून चोखून चिकटलेले. मग ती परत पोहत आली आणि परक्या जागा व्हायच्या आत त्याच्या शेजारी लोळू लागली.

लाउदेलीनो घरी परतला. जेवताना त्याने सांगितलं, भोपळ्याचं कातडं फाटलंय. नवं लावायला आठवडा लागेल, आठवड्याने माज उतरेल, तेव्हा यंदा राहू दे.

"बघू तरी," डॉक्टर म्हणाली.

"फाटलेलं काय बघायचं? टाकून दिला."

तीन वाजता सगळे तेरेरेला बसले. जेनाइदाबाई संध्याकाळसाठी पीठ काढायला कोठीत गेली आणि पिठाने पांढरा झालेला भोपळा काखेत घेऊन बाहेर आली. तिने कातड्यावर बोटाने टिचकी मारली. टणत्कार निघाला.

"लाउदेलीनो, हे कातडं तर तुमच्यापेक्षा धड आहे," ती म्हणाली.

निवाल्दो हसला. डॉक्टर हसली नाही. "काका, तुम्ही खोटं का बोललात?"

लाउदेलीनोने भोपळा मांडीवर घेतला आणि हाताने पीठ पुसू लागला. त्याला पुसायला फार वेळ लागला.

"तिला पिल्लं आहेत," तो म्हणाला. "पल्याड, ताडांत. दूध पाजून येते. होडीतून पाहिलं, आचळांभोवतीचे केस ओले आहेत."

"पण ती माजावर आहे. तुम्हीच म्हणालात. चार दिवस नराबरोबर आहे."

"म्हणालो. चुकलो."

"पुस्तकात असं कुठेच नाही, काका. पिल्लं अंगावर पिणारी मादी नराजवळ जात नाही."

"पुस्तक लिहिणाऱ्याला पोरं होती का?" जेनाइदाबाई मध्येच म्हणाली. हात एप्रनला पुसून ती चक्क गड्यांच्या घोळक्यात बाकावर बसली. असं ती कधी बसत नसे. "मी इथे आले तेव्हा नवरा जाऊन चार महिने झाले होते. तीन पोरं, धाकटं अंगावर. मुकादम वाल्दोमिरो म्हणाला, स्वयंपाकीण हवी, पोरांची जत्रा नको. मग मी काय केलं? दर रविवारी त्याच्यासाठी ताडफळांची खीर केली. त्याच्या विनोदांना हसले. दोन वर्षं हसले, आणि विनोद काय असायचे ते तुम्हाला माहीत आहे. पोरं तेव्हा मागच्या खोलीत असायची, आवाज न करता. त्याला वाटत राहिलं की आज ना उद्या हे घर आपलंच होणार. आपल्या होणाऱ्या घरातल्या पोरांना कोण हाकलतं?"

लाउदेलीनोने मान वर केली.

"खीर मलाही द्यायचात तुम्ही," तो म्हणाला.

"द्यायचे की. तुम्हीही पोरांवर ओरडायचात."

निवाल्दोला ठसका लागला. लाउदेलीनोची मिशी थोडी खाली आली. तीस वर्षं तो त्या खिरीचा निराळाच अर्थ लावून बसला होता, आणि हेही सगळ्यांना माहीत होतं.

डॉक्टर मात्र विचारात पडली होती. "असं असूही शकेल," ती सावकाश म्हणाली. "नराला पिल्लं आपलीच वाटावीत म्हणून. पण काका, एवढ्यावर मोहीम थांबवता येत नाही. तिला बेशुद्ध केल्यावर मी तपासणारच. दूध दिसलं तर तिथल्या तिथे सोडून देईन."

"ती धड पायांवर उभी राहायला किती वेळ लागतो?"

"अर्धा दिवस."

"त्या अर्ध्या दिवसात परक्या काय करेल?" लाउदेलीनो म्हणाला. "तिने त्याला अल्याड गुंतवून ठेवलाय. ती दिसली नाही की तो वास काढत पल्याड जाईल. पुढचं तुम्हीच सांगितलंत."

डॉक्टरने हातातला कागद घडी घालून ठेवला, मग पुन्हा उघडला. "तुम्ही काल शब्द दिला होता की पिल्लं नाहीत. आज म्हणता, आहेत. कसं ओळखलंत, काका? मला वर लिहून द्यायचं आहे. होडीतून एवढ्या लांबून ओले केस पाहिले, त्यावरून दूध आहे हे तुम्ही इतकं खात्रीने कसं सांगता?"

आता लाउदेलीनोला पळवाट नव्हती. त्याने भोपळा जमिनीवर ठेवला.

"माझी गोष्ट तुम्ही ऐकलीय ना?" तो म्हणाला. "ती लाडात आली होती, ती?"

"दोनदा."

"तिचेही केस असेच ओले होते. मी पाहिले होते, पण मला वाटलं दवाने भिजलेत. पुढे कातडं काढताना सुरी फिरवली आणि दूध आलं. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ आला. कोमट होतं. माझा कुत्रा ते चाटायला लागला, मी त्याला लाथ मारली. चांगला कुत्रा होता." तो थांबला. "माझा भोपळा ऐकून तिला वाटलं परका नर आलाय, घराजवळ आलाय. म्हणून ती आली. मला नवरी वाटली ती. पन्नास वर्षं मी लोकांना नवरीच सांगतोय."

शिंग निवाल्दोच्या हातात तसंच होतं. ते फिरवायचं कोणाला सुचलं नाही.

"तुम्ही पिल्लं शोधलीत?" डॉक्टरने विचारलं.

"नाही," लाउदेलीनो म्हणाला. "वाट माहीत होती. ऊन चढत होतं, कातडं खराब होईल म्हटलं, आणि घरी गेलो."

जेनाइदाबाईने निवाल्दोच्या हातातून शिंग काढून घेतलं, पाणी भरलं आणि पाळी नसताना लाउदेलीनोपुढे धरलं. त्याने ते ओढलं. मग तिने भरून डॉक्टरला दिलं. डॉक्टरनेही सावकाश ओढलं, आणि आभार न मानता शिंग परत केलं. ती उठणार नव्हती. चार वाजून गेले, फासे गाडीतच राहिले.

डॉक्टरने वरच्यांना कागद पाठवला, त्यात 'अनुभवी वाटाड्याचं निरीक्षण' असं काहीतरी लिहिलं. वरच्यांनी बरीच कुरकुर केली. दक्षिणेच्या जंगलासाठी दुसरीकडची मादी बघायचं ठरलं. दोन नरांना आणखी एक वर्ष ओरडावं लागणार होतं. निवाल्दो म्हणाला, सवय होते. पल्याडच्या वाटेवर डॉक्टरने आपोआप फोटो काढणारे दोन कॅमेरे झाडांना बांधले आणि ती तीन आठवडे वाट बघत राहिली. परक्या तोवर कंटाळून उत्तरेला निघून गेला होता.

या तीन आठवड्यांत गुरं विकत घ्यायला एक पाहुणा आला. लाउदेलीनोने त्याला गोष्ट सांगितली. बार झाल्यावर सगळे उठायच्या तयारीला लागले, पण तो थांबला नाही, दुधापर्यंत सांगत गेला. पाहुण्याने विनाकारण आभार मानले, आणि मग त्याला कोणी शिंग दिलं नाही.

फोटो आले तेव्हा सकाळची वेळ होती. डॉक्टरने यंत्राचा पडदा लाउदेलीनोसमोर धरला. ताडांच्या मधल्या वाटेने मोडशेपटी चालली होती, शेपटीचं मोडकं टोक वर. तिच्या मागे एक पिल्लू, आणि त्याच्या मागे, पहिल्याच्या शेपटीवर झडप घालायच्या बेतात, दुसरं. लाउदेलीनोने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि पडदा नाकाजवळ घेतला.

"दोन," तो म्हणाला.

"हो. बहुतेक वेळा दोनच असतात," डॉक्टर म्हणाली. "पोटं बघा कशी टम्म आहेत. काका, ही तुमच्यामुळे आहेत."

"पोरांना नावं ठेवा आता," जेनाइदाबाई दारातून म्हणाली. "एकाचं लाउदेलीनो ठेवा. मिशा आहेतच, आणि खऱ्या काळ्या आहेत."

निवाल्दो खो खो हसला. लाउदेलीनोही हसला, पण त्याने पडदा खाली ठेवला नाही. बोट त्याने आधी एका पिल्लावर ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"तेव्हा किती होती, मला माहीत नाही," तो म्हणाला. "तासाभराची वाट होती."